पक्षाघात आणि मेंदूचा विद्युत आलेख

वऱ्हाडात ज्याला 'लकवा' म्हणतात, त्या पक्षाघाताची बाह्य लक्षणे सर्वांच्या परिचयाची आहेत. तोंड वाकडे होते, एका बाजूचे हात-पाय लुळे पडतात, वाचा अडखळते. परंतु मेंदूची आतून किती हानी झाली, स्मरण, अवधान व आकलन यांपैकी काय शाबूत राहिले, हे बाहेरून दिसत नाही. ज्याची वाचाच गेली, त्याला विचारूनही ते समजत नाही. अशा वेळी मेंदूतील विद्युत लहरींचा आलेख डॉक्टरांना साहाय्यभूत ठरतो.

हा शहरी लोकांचा आजार आहे, ही समजूत खरी नाही. विदर्भातीलच गडचिरोली जिल्ह्यातील ८६ गावांत २०११ ते २०१३ या काळात झालेल्या मृत्यूंची पाहणी करण्यात आली. त्यात पक्षाघात हेच मृत्यूचे सर्वांत मोठे कारण आढळले. एकूण मृत्यूंपैकी १४.३ टक्के मृत्यू त्यामुळे झाले होते.

आलेख कसा घेतात?

मेंदूतील पेशींचे परस्परांतील दळणवळण सूक्ष्म विद्युत प्रवाहाने चालते. जर्मनीतील येना येथील मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी १९२४ साली मानवी मेंदूतील ही वीज प्रथम नोंदविली व १९२९ साली ते संशोधन प्रसिद्ध केले. डोक्याच्या त्वचेवर साधारणतः २० लहान चकत्या बसवून अर्ध्या तासात हा आलेख घेता येतो. त्यालाच 'ई.ई.जी.' म्हणतात. यात रुग्णाला विजेचा धक्का दिला जात नाही की वेदना होत नाहीत. केस मात्र धुतलेले, तेलाविना असावे लागतात. कारण विजेरीच्या एका सेलच्या दहा हजाराव्या भागाहूनही क्षीण दाब यंत्राला टिपावयाचा असतो.

निरोगी प्रौढ माणूस डोळे मिटून शांत पडला असता सेकंदाला ८ ते १३ लहरी उमटतात. त्यांना 'अल्फा' म्हणतात. सेकंदाला चारांहून कमी असणाऱ्या मंद 'डेल्टा' लहरी एरव्ही गाढ झोपेत दिसतात. पक्षाघातात मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा निम्म्याच्या आसपास घटला की तेथील जलद लहरी क्षीण होतात आणि जागेपणीही मंद लहरी उमटू लागतात. मंद लहरींचे जलद लहरींशी असलेले प्रमाण आणि डाव्या-उजव्या बाजूंतील तफावत जितकी अधिक, तितका आघात सामान्यतः गंभीर समजला जातो.

आकलनशक्तीची पारख

स्मरण व आकलन तपासण्याच्या नेहमीच्या चाचण्या प्रश्नोत्तरांच्या असतात. निरक्षर शेतकरी किंवा केवळ कोरकू बोलणारी मेळघाटातील वृद्धा अशा चाचणीत मागे पडली, तर दोष मेंदूचा की प्रश्नपत्रिकेचा, हे ठरविणे कठीण जाते. लहरींना अक्षरज्ञान लागत नाही. एकसारख्या ध्वनींमध्ये मधूनच वेगळा ध्वनी ऐकविल्यास, तो ओळखणाऱ्या मेंदूत सुमारे ३०० सहस्रांश सेकंदांनी एक विशिष्ट लहर उमटते. १९६५ सालापासून ज्ञात असलेली ही लहर उशिरा किंवा क्षीण उमटली, तर अवधान व आकलन मंदावल्याचा संशय येतो.

याचे व्यावहारिक महत्त्व मोठे आहे. हात-पाय सुधारल्यावरही हिशेब चुकू लागला, तर घरची मंडळी त्याला म्हातारचळ समजतात. उलट, ज्याला बोलता येत नाही त्याला काही कळतच नाही असे धरून शेतीवाडीचे निर्णय त्याला वगळून घेतले जातात. दोन्ही प्रकारे रुग्णावर अन्याय होतो.

मर्यादा

रक्तस्राव झाला की गुठळी अडकली, हे आलेखावरून सांगता येत नाही, त्यासाठी सी.टी. स्कॅनच हवा. मेंदूच्या खोल भागातील लहान आघातात आलेख निर्दोषही येऊ शकतो. झोप, औषधे, फेफरे यांचाही लहरींवर परिणाम होतो. म्हणून तज्ज्ञाची तपासणी आणि आलेख यांची सांगड घालूनच निष्कर्ष काढावा लागतो.

गावाने काय करावे?

गुठळी विरघळविणारे औषध लक्षणे दिसल्यापासून साधारणतः साडेचार तासांच्या आतच देता येते. धारणीहून अमरावतीचे अंतर सुमारे दीडशे किलोमीटर असून वाट घाटाची आहे. तेव्हा झाडपाला, मालिश यांत वेळ न दवडता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी, लक्षणे सुरू झाल्याची वेळ टिपून ठेवावी आणि सी.टी. स्कॅनची सोय असलेले जवळचे रुग्णालय गाठावे. अकोल्यात २००२ पासून आणि अमरावतीत २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. आघात ओसरल्यावर रुग्णाच्या वागण्यात किंवा स्मरणात फरक जाणवल्यास तोही डॉक्टरांना आवर्जून सांगावा. शिक्षक व पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत एवढी माहिती पोचविली, तरी अनेक कुटुंबांना तिचा आधार होईल.