गुळाचा खडा

लंडनच्या व्हाइटचॅपल भागात १८८८ साली बायकांचे खून पाडणारा माणूस कधीच सापडला नाही. केरी मॅनिस्कॅल्को यांनी २०१६ साली त्याच्यावर 'स्टॉकिंग जॅक द रिपर' ही किशोरांसाठीची कादंबरी लिहिली. तिची नायिका सतरा वर्षांची आहे आणि काकांच्या प्रयोगशाळेत शवविच्छेदन शिकते. तिच्यापासून सुरू झालेल्या मालिकेचं शेवटचं पुस्तक शिकागोच्या एच. एच. होम्स या खुन्यापर्यंत जातं. वर्ध्याला खेटून असलेल्या आमच्या बोरगाव मेघेतल्या कॉलेजच्या पोरापोरींना लंडनचं धुकं असं तोंडपाठ आहे. मात्र इथून नागपूर गाठून पुढे शिवनी, लखनादौन, जबलपूरकडे जाणाऱ्या वाटेवर काय घडलं, ते त्यांना कोणी सांगितलेलं नाही.

खऱ्या खुन्यांवर मराठीत काहीच झालं नाही असं नाही. मानवतच्या हत्याकांडावर 'आक्रीत' (१९८१) हा चित्रपट आला, जोशी-अभ्यंकर खटल्यावर 'माफीचा साक्षीदार' हा चित्रपट आला. पण ते मोठ्यांसाठी होतं. धारप-मतकरींनी भयकथेला वाचक मिळवून दिला, १९७१ पासून 'किशोर' मासिक मुलांच्या हाती आहे, तरीही चौदा-पंधराच्या वाचकाला इतिहासातल्या भयाकडे नेणारी मराठी कादंबरी माझ्या वाचनात नाही. ती कुठे दडली आहे, हे मात्र मला ठाऊक आहे. ती त्या वाटेवर प्रवाशांचे गळे आवळून त्यांना लुटणाऱ्या ठगांच्या जबान्यांत आहे.

इंग्रज अधिकारी विल्यम स्लीमनने माफीच्या साक्षीदारांकडून घेतलेल्या या जबान्या १८३६ साली कलकत्त्याला 'रामसियाना' या नावाने छापल्या गेल्या. टोळीत प्रत्येकाचं काम ठरलेलं असे. गोड बोलून वाटसरूला सोबत घेणारा सोथा, रुमालाने गळा आवळणारा भुर्टोत, खड्डा खणणारा लुघा. रात्री मुक्कामावर गप्पा रंगलेल्या असताना 'तमाखू लाओ' असा साधा हुकूम सुटायचा. हीच झिरनी, म्हणजे इशारत. काम उरकलं की गुळाचा प्रसाद वाटला जाई, आणि हा गूळ ज्याच्या जिभेला लागला तो पुन्हा माणसांत परतत नाही, अशी त्यांची पक्की समजूत होती.

हा गूळ पोरांनाही मिळे. घरच्या मुलाला वयात येता येता टोळीसोबत नेत. आधी त्याला काही कळू देत नसत. लांब ठेवत, लाड करत, भेटवस्तू देत. मग चोरी कळे, मग खून. आणि मारलेल्या प्रवाशांची लहान लेकरं कधीकधी जिवंत ठेवून मारणारेच त्यांना वाढवत. ज्या हाताने आईचा गळा आवळला तोच हात घास भरवतो, आणि पोराला तो हात आवडतो. कुठल्याही भुतापेक्षा मला याचीच जास्त भीती वाटते. किशोरवयाचा खरा प्रश्नही हाच आहे: मी ज्यांचा आहे, ते कोण आहेत?

फिलिप मेडोज टेलरने हे ओळखलं होतं. निजामाच्या चाकरीतला हा इंग्रज पुढे नळदुर्गला होता, १८५७ च्या धामधुमीत त्याला वऱ्हाडात पाठवलं. त्याच्या 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' (१८३९) मधल्या अमीर अलीचे आईबाप ठगांनी मारलेले असतात, त्यांच्यातलाच एक जण त्याला मुलगा मानून वाढवतो. मोठेपणी त्याच्याच हातून, नकळत, सख्ख्या बहिणीचा जीव जातो. तरी ती कैफियत एका साहेबासमोरची आहे, साहेबाच्याच सोयीने सांगितलेली.

इथे लिहिणाऱ्याला फार जपावं लागेल. किम वॅगनरसारख्या इतिहासकारांनी दाखवून दिलंय की ठगीला देवीभक्तांचा एकसंध, देशव्यापी पंथ ठरवण्यात कंपनी सरकारच्या कल्पनेचा मोठा वाटा होता. माणूस जन्मानेच गुन्हेगार असतो, ही समजूत पुढे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात उतरली. तिचे चटके विदर्भातले पारधी आजही सोसतात. भयकथा लिहायची म्हणून एखाद्या तांड्यावर, बेड्यावर पुन्हा तोच शिक्का मारणार असाल, तर लिहूच नका. खून खरे होते, मेलेले वाटसरू खरे होते. दोष करणाऱ्याचा, त्याच्या जातीचा नव्हे.

मला विचाराल तर कादंबरीची सुरुवात जबलपूरच्या उद्योगशाळेत व्हावी. माफीच्या साक्षीदारांना आणि त्यांच्या मुलांना तिथे तंबू आणि गालिचे विणायला बसवलं होतं. मागावर बसलेला चौदा वर्षांचा पोरगा, शेजारी बाप. बापाच्या जबानीतला एक वाटसरू आपल्यासोबत दोन दिवस चालला होता, हे पोराला आठवतंय. पुढचं त्यानेच सांगावं, मराठीत.