लाली दिसत नाही, म्हणून आजार लहान नसतो

मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा तालुक्यात, तिगावच्या शिवारात संत्र्याच्या बागा आहेत, कपाशी आहे आणि धुऱ्याधुऱ्यावर गाजरगवत आहे. भारतात या गवताची ठळक नोंद १९५० च्या दशकात पुण्यात झाली. आज मध्य भारतात ते नाही असं गाव सापडणं कठीण. वर्षानुवर्षं निंदण-डवरणी करणाऱ्यांपैकी काहींना त्याची ॲलर्जी होते. हवेत उडणारे त्याचे बारीक कण त्वचेवर बसतात आणि पापण्या, मान, कानामागची जागा, कोपराच्या खोबणी खाजू लागतात. पुणे भागातल्या अशा रुग्णांचा अभ्यास लोणकर, मिचेल आणि कॅल्नन यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केला होता.

पाठ्यपुस्तकातल्या चित्रांत अशी त्वचा लालबुंद दिसते. उन्हात रापलेल्या सावळ्या मानेवर मात्र ती काळपट, जाड आणि खरबरीत दिसते. घरचे म्हणतात, ऊन लागलं असेल. दवाखान्यातही घाईत पाहणाऱ्याला ते किरकोळ वाटू शकतं. आत दाह तेवढाच असतो, रात्रीची खाज तेवढीच असते. तरीही गोऱ्या कातडीवर जो आजार ‘तीव्र’ ठरला असता, तो इथं ‘मध्यम’ किंवा ‘सौम्य’ म्हणून कागदावर उतरतो.

असं का होतं? दाह झाला की त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या फुगतात आणि तिथला रक्तप्रवाह वाढतो. हीच ती लाली. पण या रक्तवाहिन्यांच्या वर मेलॅनिन या रंगद्रव्याचा थर असतो आणि तो प्रकाश शोषून घेतो. पांढऱ्या धोतरावर सांडलेलं कुंकू लांबून ओळखू येतं, काळ्या घोंगडीवर सांडलेलं तेच कुंकू जवळ जाऊनही शोधावं लागतं. गडद त्वचेत लाली जांभळट, तपकिरी किंवा राखाडी झाक घेऊन येते. ती झाक ओळखायला नजर तयार व्हावी लागते, आणि नजर तयार होते ती पाहिलेल्या चित्रांवरून. त्वचारोगाच्या पुस्तकांतली चित्रं दीर्घकाळ प्रामुख्यानं गोऱ्या त्वचेचीच होती. लंडनमधल्या सेंट जॉर्जेस विद्यापीठातला वैद्यकीय विद्यार्थी मलोन मुकवेंडे याला ही उणीव इतकी खुपली की त्यानं शिक्षकांच्या मदतीनं २०२० मध्ये गडद त्वचेवरची लक्षणं दाखवणारी ‘माइंड द गॅप’ ही पुस्तिका तयार केली.

आजाराची तीव्रता मोजण्याच्या फूटपट्ट्याही याच नजरेतून घडल्या. सोरायसिससाठी जगभर वापरली जाणारी ‘पासी’ ही गुणपद्धती १९७८ मधली, स्वीडनमधली. डोकं, हात, धड आणि पाय अशा चार भागांत लाली, जाडी आणि कोंडा या तीन लक्षणांना ० ते ४ गुण द्यायचे, किती त्वचा व्यापली आहे तेही धरायचं आणि ७२ पैकी गुण काढायचे. म्हणजे निकालाचा एक तृतीयांश भाग लालीवर अवलंबून. समजा, एखाद्याच्या अंगावर तिन्ही लक्षणं सगळीकडे ३ गुणांची आहेत आणि एकूण गुण १२ येतात. तपासणाऱ्याला लाली नीट दिसली नाही आणि त्यानं तिला ३ ऐवजी १ दिला, तर त्याच माणसाचे गुण ९.३ होतात. सोरायसिसमध्ये १० च्या वर गेलेला आकडा सहसा तीव्र मानला जातो आणि प्रभावी, महागडी औषधं सुरू करताना तो पाहिला जातो. दोन गुणांची ही चूक माणसाला उपचाराच्या रांगेतून बाहेर काढू शकते.

हा धोका कल्पनेतला नाही. बेन-गशीर आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये १३७ मुलांच्या इसबाचा अभ्यास मांडला. लालीच्या गुणांमुळे येणारा फरक हिशेबातून दूर केल्यावर, कृष्णवर्णी मुलांत इसब तीव्र असण्याची शक्यता गोऱ्या मुलांच्या सुमारे सहापट निघाली. लालीवर विसंबल्यामुळे त्यांचा त्रास झाकला जात होता. इसबासाठीच्या ‘ईझी’ या गुणपद्धतीत आता सूचना आहे की, गडद त्वचेत लाली ठरवणं अवघड असेल तर तिचा गुण एक पायरी वाढवता येईल. सूचना चांगली आहे, पण ती अंदाजाला दिलेला अंदाजाचाच टेकू आहे.

दुसरी चूक याच्या नेमकी उलट दिशेनं होते. सावळ्या त्वचेत दाह शमल्यावर काळे डाग मागे राहतात, कधी महिनोन् महिने. आजार गेलेला असतो, त्याची खूण उरलेली असते. ती खूण म्हणजेच आजार असं समजून माणूस मलम चोळत राहतो. किराणा-औषधांच्या दुकानातून सांगोवांगी आणलेल्या ट्यूबमध्ये तीव्र स्टेरॉइड असेल, तर त्वचा पातळ होते आणि मुळात बुरशीचा नायटा असला तर तो दबल्यासारखा दिसून अंगभर पसरतो. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अनेक स्टेरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत असा नियम केला. पण डाग आणि दाह यांतला फरक रुग्णाला कुणी समजावला नाही, तर नियम दुकानाच्या दारातच थांबतो. सपाट, न खाजणारा, हाताला गुळगुळीत लागणारा काळा डाग बहुधा जुनी खूण असते. उंचवट्याचा, खरबरीत, गरम आणि खाजणारा चट्टा म्हणजे चालू आजार.

हा फरक डोळ्यांपेक्षा बोटांना आधी कळतो, आणि बोटांनी त्वचा वाचायची परंपरा आपल्याच मुलखात आहे. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये कुष्ठरुग्णांसाठी काम उभं केलं. १९५१ मध्ये वर्ध्यात गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान स्थापन झालं आणि डॉ. आर. व्ही. वार्डेकर यांनी पाहणी, शिक्षण आणि उपचार ही त्रिसूत्री गावोगावी राबवली. कार्यकर्ते घरोघर जात आणि दिवसाच्या उजेडात अंग तपासत. कुष्ठरोगाचा चट्टा गोऱ्या त्वचेत लालसर दिसतो, सावळ्या त्वचेत बहुधा फिकट. म्हणून रंग फक्त संशय घ्यायला उपयोगी पडे. निर्णय व्हायचा तो कापसाच्या वातीचा स्पर्श कळतो का, मज्जातंतू जाड झालेत का, हातापायांत ताकद आहे का यांवर. आजही या रोगाची वर्गवारी पाचपर्यंत चट्टे की त्याहून जास्त अशी होते आणि इजेची पायरी डोळे, हात आणि पाय तपासून ठरते. लाली किती, हा प्रश्न तिथं निर्णायक नाही. सोरायसिस, इसब आणि गाजरगवताच्या ॲलर्जीकडे पाहतानाही हीच शिस्त लागते.

म्हणजे काय करायचं? तपासणी खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात करायची. चट्ट्याशेजारची निरोगी त्वचा पाहून रंगाची तुलना करायची, पुस्तकातल्या चित्राशी नाही. हाताची मागची बाजू टेकवून ऊब पाहायची, चिमटीत धरून जाडी पाहायची. मग विचारायचं: रात्री खाजेनं जाग येते का? कामावर जाता येतं का? १९९४ मध्ये फिनले आणि खान यांनी केलेल्या दहा प्रश्नांच्या ‘डीएलक्यूआय’ या पद्धतीत खाज आणि कामावरचा परिणाम यांसारख्या गोष्टी मोजल्या जातात, ० ते ३० गुणांत, आणि त्यात रंगाचा एकही प्रश्न नाही. मोबाइलवर फोटो पाठवून सल्ला घेताना फ्लॅश टाळावा, एक फोटो जवळून आणि एक लांबून काढावा, आणि चट्टा हाताला कसा लागतो ते शब्दांत लिहावं. फोटोला स्पर्श नसतो.

एक इशारा सगळ्यांत महत्त्वाचा. दाह अंगभर पसरला की गोरा माणूस लाल होतो आणि घरचे घाबरून त्याला दवाखान्यात नेतात. सावळा माणूस नुसता काळवंडल्यासारखा दिसतो. सगळं अंग गरम लागणं, थंडी वाजणं, कोंडा झडत राहणं, पाय सुजणं ही लक्षणं एकत्र दिसली तर रंगाकडे न पाहता त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जावं.

२०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून नवा जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याची आरोग्य व्यवस्था बांधताना आशा कार्यकर्ती, परिचारिका आणि डॉक्टर यांच्या प्रशिक्षणात इथल्याच माणसांच्या त्वचेची चित्रं असावीत, आणि केसपेपरवर लालीच्या रकान्याशेजारी ऊब, जाडी आणि झोप यांचे रकाने असावेत. याला मोठं यंत्र लागत नाही, मोठा पैसा लागत नाही. इथं बहुसंख्य लोक सावळे आहेत. मोजमाप त्यांच्या अंगाला लागू पडत नसेल, तर बदलायला हवं ते मोजमाप.