अंशांची वजाबाकी

वॉटर कूलिंगचा संगणक जुळवून झाला की पहिल्या दिवशी सगळ्यांची नजर एकाच आकड्यावर असते: प्रोसेसर किती तापला? एवढा खर्च केला, नळ्या वाकवल्या, गळती तपासली, तेव्हा आकडा पन्नास-पंचावन्नच्या आत असावा असं वाटणं साहजिक आहे. प्रत्यक्षात रायझन ९ ७९५०एक्ससारखा प्रोसेसर पूर्ण भार पडला की बघता बघता ९५ अंशांवर जातो आणि तिथेच राहून काम करतो. मग शोधाशोध सुरू होते. कोणी पंपाचा वेग वाढवतो, कोणी आणखी एक रेडिएटर मागवतो, कोणी भरलेलं कूलंट ओतून देऊन दुसऱ्या कंपनीचं आणतो. यातला प्रत्येक उपाय कुठल्या ना कुठल्या संगणकाला लागू पडतो. समोरच्या संगणकाला पडेल का, हे मात्र त्या एका आकड्यावरून कळूच शकत नाही. माझं म्हणणं असं, की पाणी फिरवणाऱ्या लूपमधली सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे पाण्याचं तापमान सांगणारा बोटाच्या पेराएवढा सेन्सर. बहुतेक जण तो यादीत शेवटी लिहितात आणि बजेट ताणलं की सगळ्यात आधी तोच खोडतात. तो खोडला की पुढची सगळी दुरुस्ती अंदाजपंचे होते.

कारण उष्णतेची वाट दोन टप्प्यांची आहे. चिपमधून निघालेली उष्णता थर्मल पेस्टमधून चिपवर बसवलेल्या ब्लॉकच्या तांब्याच्या तळाशी येते, तिथल्या केसाएवढ्या फटींतून धावणाऱ्या पाण्यात उतरते. हा पहिला टप्पा. पाणी ती रेडिएटरपर्यंत नेतं आणि तिथल्या पत्र्यांवरून वाहणाऱ्या हवेच्या हवाली करतं, हा दुसरा. पहिला टप्पा किती चांगला आहे ते चिप आणि पाणी यांच्या तापमानातल्या फरकावरून कळतं, दुसरा किती चांगला ते पाणी आणि खोलीतली हवा यांच्यातल्या फरकावरून. एक नमुना घेऊ. खोलीत ३० अंश आहेत. ७९५०एक्स आणि आरटीएक्स ४०९० ग्राफिक्स कार्ड एकाच लूपमध्ये आहेत, सोबत ३६० मिलिमीटरचे दोन रेडिएटर. दोन्ही चिपांवर भार टाकला आणि अर्ध्या तासाने पाणी ४२ अंशांवर स्थिरावलं. कार्ड दाखवतंय ५७, प्रोसेसर ९५. पाणी खोलीपेक्षा १२ अंशांनी वर आहे, म्हणजे रेडिएटर आणि पंखे आपलं काम चोख करताहेत. कार्ड पाण्यापेक्षा १५ अंशांनी वर आहे, म्हणजे त्याचा ब्लॉक नीट बसला आहे. आणि त्याच पाण्यावर चाललेला प्रोसेसर तब्बल ५३ अंशांनी वर. एवढ्या तीन वजाबाक्या केल्या तरी पंप, कूलंट आणि रेडिएटर या तिन्ही संशयितांची सुटका होते.

मग प्रोसेसरचा ब्लॉक तिरका बसलाय का? तसं असू शकतं, पण बहुधा नसतं. ४०९० ची चिप ६०९ चौरस मिलिमीटरची आहे आणि तिच्यावर मध्ये काहीही न ठेवता थेट पेस्ट लागते. संपूर्ण कार्ड ४५० वॅट खातं. ७९५०एक्सची मर्यादा २३० वॅटची, म्हणजे जवळपास निम्मी. पण ती उष्णता मुख्यतः प्रत्येकी सुमारे ७० चौरस मिलिमीटरच्या दोन तुकड्यांतून बाहेर पडते आणि त्यांच्यावर धातूचं जाड झाकण आहे. दर चौरस मिलिमीटरमागे हिशेब केला तर प्रोसेसरमधली उष्णता कार्डाच्या दुपटीच्या आसपास जाते. ही अडचण पाणी पोहोचतं त्याच्याही आधीची आहे, त्यामुळे पाण्याकडून ती सुटत नाही. शिवाय ही चिप ९५ अंशांपर्यंत जागा आहे असं दिसलं की स्वतःचा वेग वाढवते. थंड पाण्याचा फायदा तिथे तापमानात न दिसता वेगात दिसतो. आणखी एक रेडिएटर लावला तर पाणी फार तर चार-पाच अंशांनी उतरेल, आणि प्रोसेसर पुन्हा ९५ च दाखवेल. हे आधी कळलं तर पैसे वाचतात.

जुळवणीकडेही याच नजरेने पाहिलं पाहिजे, कारण जुळवताना राहिलेली प्रत्येक कसर या दोनपैकी एका टप्प्यात जाऊन बसते. ब्लॉकच्या तळावरची पारदर्शक प्लास्टिकची फिल्म काढायची राहून जाते. स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांना थोडेथोडे आवळण्याऐवजी एका बाजूचे आधी पूर्ण आवळले जातात आणि पेस्ट दुसऱ्या बाजूला जाड राहते. ग्राफिक्स कार्डच्या मेमरीवर अर्धा मिलिमीटर जास्त जाडीचे पॅड लागतात आणि ब्लॉक चिपपासून उचलला जातो. प्रोसेसरच्या ब्लॉकला पाणी आत येण्याचं आणि बाहेर जाण्याचं तोंड ठरलेलं असतं, तेही उलटसुलट होतं. हे सगळे पहिल्या टप्प्याचे दोष. पंखे उलटे बसणं, किंवा पुढच्या रेडिएटरने कॅबिनेटमध्ये सोडलेली गरम हवा वरच्या रेडिएटरने ओढून घेणं, हे दुसऱ्या टप्प्याचे. म्हणून हवेचं तापमान खोलीच्या कोपऱ्यात मोजून चालत नाही. ते प्रत्येक रेडिएटरच्या तोंडाशी घ्यावं लागतं.

गळती मात्र या वजाबाकीत सापडत नाही. तिचा बंदोबस्त आधीच हातांनी करावा लागतो. फिटिंगचं पाणी आट्यांनी अडत नाही, ओ-रिंगने अडतं. काळ्या रबराची ती बारीक कडी खोबणीत सरळ बसली की फिटिंग बोटांनी फिरवताना एका ठिकाणी मऊ अटकाव जाणवतो. त्यानंतर थोडासा पीळ पुरतो. टेफ्लॉन टेप गुंडाळण्याची नळकामातली सवय इथे उलटी पडते, आणि पाना घेऊन आवळलं तर अ‍ॅक्रिलिकच्या टाकीला तोंडापासून निघणारी केसासारखी चीर पडते. टणक नळी कापल्यावर तिची कड आतून-बाहेरून घासून गुळगुळीत करावी लागते, नाहीतर नळी आत सरकवताना तीच कड ओ-रिंगचा बारीक तुकडा सोलून काढते आणि वरून काहीच दिसत नाही. पाणी भरण्याआधी लूपमध्ये हातपंपाने अर्ध्या बारच्या आसपास हवा भरायची आणि काटा पंधरा-वीस मिनिटं हलत नाही ना ते बघायचं. पाणी भरताना मदरबोर्ड आणि कार्डच्या केबली काढून ठेवायच्या. एसएमपीएसच्या २४ पिनांच्या जोडणीतली १६ क्रमांकाची पिन ग्राउंडला जोडली की तो मदरबोर्डशिवाय चालू होतो आणि वीज फक्त पंपाला मिळते. डी५ पंपाच्या बेअरिंगला वंगण म्हणून पाणीच असतं, त्यामुळे तो कोरडा फिरू न देता टाकी भरत, थांबत, पुन्हा भरत जावं लागतं. कॅबिनेट कलतं करून रेडिएटरमध्ये अडकलेली हवा बाहेर काढली की खळखळाट थांबतो.

यंत्र चालू झाल्यावर दोष शोधायचा तर आकड्यांइतकंच वेळेकडे लक्ष हवं. लूपमध्ये साधारण लिटरभर पाणी असतं. एक लिटर पाणी एका अंशाने तापायला सुमारे ४,२०० ज्यूल लागतात, म्हणजे ६८० वॅटचा पूर्ण भार आणि रेडिएटर अजिबात नाही असं धरलं तरी दर अंशाला सहा सेकंद. भार टाकल्यावर एका सेकंदात चिप चाळीस अंशांनी उडी मारत असेल, तर त्यात पाण्याचा काही हात नाही. दोष चिप आणि ब्लॉक यांच्यातला. तापमान पंचवीस-तीस मिनिटं सावकाश चढत राहिलं आणि त्याच्यासोबत पाणीही चढत असेल, तर रेडिएटरकडे बघायचं. पंख्यांचा वेग प्रोसेसरच्या तापमानाला बांधणं का चुकीचं, तेही यातूनच कळतं. तो आकडा क्षणाक्षणाला वर-खाली होतो आणि पंखे उगीच घोंघावतात. पाण्याच्या तापमानाला बांधले तर ते संथ राहतात, कारण पाणी घाईने तापतही नाही आणि निवतही नाही.

लूपमधल्या भागांचा क्रम काय असावा यावर फार काथ्याकूट होतो: आधी प्रोसेसर की आधी कार्ड, दोघांच्या मध्ये रेडिएटर हवा की नको. मिनिटाला एक लिटर पाणी वाहत असेल तर ते दर अंशामागे ७० वॅट वाहून नेतं. ६८० वॅटला हा प्रवाह अपुरा आहे, कारण लूपमधलं सर्वांत गार आणि सर्वांत गरम पाणी यांच्यात दहाएक अंशांचं अंतर पडतं. मिनिटाला चार लिटर असतील तर तेच अंतर अडीच अंशांच्या आत येतं, आणि मग भाग कुठल्याही क्रमाने जोडले तरी बिघडत नाही. नळ्या ज्या वाटेने कमी वळणांत जातील ती वाट घ्यावी.

सेन्सरवर घेतला जाणारा सगळ्यात सबळ आक्षेप असा: पंप बंद पडला तर तो चक्क फसवतो. आणि ते खरं आहे. पाणी वाहायचं थांबलं की ब्लॉकमधलं घोटभर पाणी उकळीला येतं, पण टाकीत बसवलेला सेन्सर निवांत ३५ दाखवत राहतो. पंखे पाण्याच्या तापमानाला बांधलेले असतील तर तेही शांतच राहतात. म्हणूनच माझा भर पाण्याच्या सुट्या आकड्यावर नाही, फरकावर आहे. पाणी गार आणि चिप शंभरीला, असा प्रचंड फरक अचानक दिसला तर प्रवाह थांबलाय हे ताबडतोब समजतं. पंपाचे फेरे मोजणं आवश्यक आहे, तेवढ्याने भागत मात्र नाही, कारण हवेच्या फुग्यात अडकलेला पंपही जोरात फिरतो. दुसरा आक्षेप अचूकतेचा. हे सेन्सर म्हणजे तापल्यावर रोध कमी होणारे साधे थर्मिस्टर. त्यांच्यात एखाद-दुसऱ्या अंशाची चूक असू शकते. त्यावर उपाय सोपा आहे. संगणक रात्रभर बंद ठेवला की सकाळी पाणी आणि खोली एकाच तापमानाला आलेली असतात. चालू करताच दोन्ही आकडे बघायचे. जो फरक दिसेल ती सेन्सरची चूक, ती पुढच्या प्रत्येक वाचनातून वजा करायची.

तिसरा आक्षेप या सगळ्या खटाटोपावरच आहे: बाजारात तयार बंद कूलर मिळतो, चांगला एअर कूलर मिळतो, मग हे कशाला? एकट्या प्रोसेसरसाठी खरोखरच नको. वरचा हिशेब तेच सांगतो. कस्टम लूपचा फायदा ग्राफिक्स कार्डला आणि कानांना होतो, आणि ज्याला या दोन्हींची गरज नाही त्याने पैसे दुसरीकडे खर्च करावेत असं मी मनापासून म्हणेन. विजेच्या शेजारी पाणी नको, हे म्हणणं मात्र मला तेवढं पटत नाही. आयबीएमने १९८० मध्ये जाहीर केलेला ३०८१ हा मोठा संगणक पाण्यावरच थंड होत होता, आणि पुण्याच्या आयसरमधला परम ब्रह्म महासंगणकही द्रवानेच थंड केला जातो. फरक एवढाच, की अशा यंत्रांत पाण्याच्या तापमानाची नोंद सतत ठेवली जाते आणि घरच्या लूपमध्ये ती कोणी ठेवत नाही. कोकणातल्या दमट हवेत नळ्यांवर दव धरेल ही भीतीही निराधार आहे, कारण रेडिएटरवर चालणारं पाणी खोलीपेक्षा गार होऊच शकत नाही. काळजी करायची ती विदर्भातल्या मे महिन्याची. खोलीत ४२ अंश असतील तर वरच्या नमुन्यातलं पाणी ५४ वर जाईल, आणि पीईटीजीच्या नळ्यांना व बऱ्याच पंपांना ६० अंशांच्या आसपासची मर्यादा असते. प्रोसेसरचा आकडा याबद्दल अवाक्षर सांगत नाही. तो तेव्हाही ९५ च असतो.

पाणी कुठलं भरायचं, याचं उत्तर थोडक्यात देता येतं: ऊर्ध्वपातित पाणी, त्यात गंज रोखणारं आणि शेवाळ मारणारं द्रव्य, किंवा ते मिसळून मिळणारं पारदर्शक कूलंट. घरच्या आरओच्या पाण्यात थोडे का होईना क्षार उरतात. तांब्याच्या ब्लॉकसोबत अ‍ॅल्युमिनिअमचा रेडिएटर कधीही लावू नये. दोन धातूंमध्ये पाणी आलं की विद्युतघटासारखी क्रिया सुरू होते आणि अ‍ॅल्युमिनिअम झिजत जातं. दुधट, अपारदर्शक रंगांची कूलंट दिसायला सुंदर असतात, पण त्यांच्यातले कण कालांतराने खाली बसतात. साध्या मऊ पीव्हीसी नळ्यांमधलं प्लॅस्टिसायझरही पाण्यात उतरतं. हे सगळं शेवटी एकाच ठिकाणी साठतं: प्रोसेसरच्या ब्लॉकमध्ये, पाणी ज्या अरुंद चिरेतून फटींवर पडतं तिथे. ब्लॉक उघडला की चिरेच्या दोन्ही अंगांना मेणचट, करड्या-पांढऱ्या थराची रेघ दिसते आणि मऊ ब्रश फिरवल्यावर खालून तांबं पुन्हा चमकू लागतं. तो थर साठायला महिने लागतात, त्यामुळे रोज बघणाऱ्याच्या ते लक्षात येत नाही.

म्हणून लूप नवा आणि स्वच्छ असतानाच एक ठरावीक भार अर्धा तास चालवावा. खोली, पाणी, कार्ड आणि प्रोसेसर यांचे आकडे कागदावर तारखेसह लिहून कॅबिनेटच्या झाकणाला आतून चिकटवावेत. सहा महिन्यांनी तोच भार, पंखे आणि पंपाचे तेच वेग. पाणी आणि खोली यांच्यातला फरक १२ चा १७ झाला असेल तर रेडिएटर आणि जाळ्यांमधली धूळ काढायची. कार्ड आणि पाणी यांच्यातला १५ चा २२ झाला असेल तर ब्लॉक उघडायचा. दोन्ही फरक होते तिथेच असतील, प्रोसेसरचा वेगही उतरलेला नसेल आणि फक्त ९५ हा आकडा डोळ्यांत खुपत असेल, तर काहीही उघडायचं नाही.