अर्ध्या सेकंदाची तफावत

दिवसअखेर रोकड मोजताना दहा रुपये कमी भरले, तर मुरलेला रोखपाल खिशातून दहा रुपये घालून मोकळा होत नाही. तो व्हाउचरांची गड्डी पुन्हा चाळतो. प्रश्न दहा रुपयांचा नसतो. जे जुळायला हवे ते का जुळले नाही, हा असतो. संगणकाच्या क्षेत्रात अशाच एका स्वभावाने २०२४ साली मोठा अनर्थ टळला.

आंद्रेस फ्रॉइंड हे मायक्रोसॉफ्टमधील अभियंते त्या वेळी ‘पोस्टग्रेस’ या मुक्तस्रोत डेटाबेसवर काम करीत होते. ज्या प्रणालीचा सोर्स कोड कोणालाही वाचता, वापरता आणि सुधारता येतो, ती मुक्तस्रोत. मार्च महिन्यात डेटाबेसच्या वेगाच्या बारीक चाचण्या चालू असताना त्यांच्या लक्षात आले, की दूरस्थ लॉग-इन सांभाळणारी ‘एसएसएच’ ही सेवा प्रोसेसरवर विनाकारण भार टाकते आहे. एरवी सुमारे ०.३ सेकंदात निकालात निघणाऱ्या लॉग-इनच्या प्रयत्नाला आता ०.८ सेकंद लागत होते.

अर्ध्या सेकंदाकडे कोण लक्ष देतो? फ्रॉइंड यांनी दिले. प्रोसेसरचा वेळ कुठे खर्ची पडतो, हे दाखवणारे ‘पर्फ’ हे साधन त्यांनी लावले. वेळ जात होता तो फाइलींचा आकार लहान करणाऱ्या ‘एक्सझेड’ या संचाच्या भागात. काही आठवड्यांपूर्वी ‘व्हॅलग्राइंड’ या मेमरी तपासणाऱ्या साधनाने दिलेला एक विचित्र इशाराही त्यांना आठवला. धागा ओढत गेल्यावर दिसले, की ‘एक्सझेड’च्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवलेला आहे. ज्याच्याकडे त्याची गुप्त किल्ली, त्याला पासवर्डावाचून परक्या सर्व्हरवर हुकूम चालवता आले असते. २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी ही गोष्ट जाहीर केली. सदोष आवृत्त्या तोवर प्रामुख्याने लिनक्सच्या चाचणीसाठीच्या वितरणांतच पोहोचल्या होत्या. त्या तातडीने मागे घेण्यात आल्या.

हा दरवाजा बसवला कसा गेला, हे बँकेच्या माणसाने अवश्य समजून घ्यावे. फिनलंडचे लासे कॉलिन हे संच अनेक वर्षे विनावेतन, छंद म्हणून सांभाळत होते. ‘जिया तान’ या नावाने कोणी मदतीला आले आणि चांगल्या सुधारणा देत राहिले. २०२२ मध्ये इतर अपरिचित नावांनी कामातील दिरंगाईच्या तक्रारी सुरू केल्या; नवा माणूस नेमा, असा तगादा लावला. दमलेल्या सांभाळकर्त्याने मदतनिसाच्या हाती अधिकार दिले. दोन वर्षे जमवलेल्या या विश्वासावर घाला घालण्यात आला. ‘जिया तान’ ही एक व्यक्ती की एखादा गट, हे आजवर उघड झालेले नाही.

मुक्तस्रोत म्हणजे उघडी खातेवही, म्हणून ती सुरक्षित, असे आपण सहज म्हणतो. पण वही उघडी असणे वेगळे आणि कोणी ती वाचणे वेगळे. येथे घातक भाग चाचणीच्या फाइलींत दडवला होता आणि तो जागा करणाऱ्या ओळी केवळ वितरणाच्या गठ्ठ्यात होत्या. सर्वांसमोरच्या मूळ साठ्यात त्या नव्हत्या. बँकेत एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने ती तपासायची, हा दंडक असतो. एकट्या स्वयंसेवकाच्या खांद्यावरच्या या कामाला तसा दुसरा हातच नव्हता. दुसरीकडे, सोर्स कोड खुला होता म्हणूनच एका बाहेरच्या माणसाला मुळाशी जाता आले, हेही खरे.

पुढे कॉलिन यांनी स्वतः साफसफाई करून मे २०२४ मध्ये निर्दोष आवृत्ती दिली. जगाने फुकट वापरलेल्या वस्तूची दुरुस्तीही पुन्हा त्याच माणसाच्या वाट्याला आली.

आपल्यापैकी फार थोडे जण सोर्स कोड वाचतील. पासबुक मात्र प्रत्येकाला वाचता येते. त्यात एखादी न कळणारी एक रुपयाची नोंद दिसली, तर ‘एवढ्याशाने काय होते’ असे म्हणू नये. शाखेत येऊन विचारावे. आणि काउंटरपलीकडच्या माणसानेही तो प्रश्न क्षुल्लक मानू नये.