नळाचं पाणी आणि भिंतीतला पाइप : गैरसमज आणि वस्तुस्थिती

रत्नागिरीत पाण्याचा विषय निघाला की शीळ धरणात साठा किती, मे महिन्यात विहीर तळ गाठेल का, इथेच बोलणं संपतं. घरात आलेल्या पाण्याची काळजी मग कुणी करत नाही. पण तेच पाणी भिंतीतल्या पाइपात आणि नळात रात्रभर उभं राहतं, आणि तिथे त्यात धातू उतरू शकतात. किती उतरतील, हे पाइप आणि पाणी दोघं मिळून ठरवतात.

गैरसमज : आमचं पाणी मऊ आणि गोडं, ते पाइपाला काय करणार?

वस्तुस्थिती : मऊ पाणीच धातू जास्त खातं. जांभ्यातून झिरपलेल्या पाण्यात चुन्याचे क्षार थोडे असतात, म्हणून साबणाला भरपूर फेस येतो. त्याचा सामूही (पीएच) अनेकदा 7 च्या खाली, म्हणजे आम्लाकडे झुकलेला असतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात तो 6.5 ते 8.5 सांगितला आहे. असं मऊ, कमी सामूचं पाणी लोखंड, जस्त, तांबं विरघळवतं. घाटावरच्या जड पाण्याने पाइपात पांढरा थर बसतो. त्याने पाइप चोंदतो, पण आतला धातू झाकला जातो. इथे तो थर बसत नाही.

पाइप तोच असला, तरी पाणी बदललं की काय होतं, याचं एक उदाहरण. अमेरिकेतल्या फ्लिंट शहरात 2014 मध्ये पाण्याचा स्रोत बदलला आणि पाइप गंजू नये म्हणून घालायचं रसायन घातलं गेलं नाही. पाइप आधीचेच होते, तरी अनेक घरांच्या पाण्यात शिसं उतरलं.

गैरसमज : लाल पाणी म्हणजे जांभ्याची माती.

वस्तुस्थिती : कधी माती, कधी पाइप. पावसाळ्यातला गढूळपणा भांड्यात तळाशी बसतो. बोअरचं पाणी काढताना नितळ आणि थोड्या वेळाने पिवळसर झालं, तर लोह जमिनीतलं. पण सकाळचं पहिलं पाणी तांबूस आणि नंतरचं स्वच्छ असेल, तर बहुधा जुना जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप आतून गंजला आहे. तो मुलामा गेला की लोखंड उघडं पडतं. बेसिनवर निळसर-हिरवे डाग पडले, तर तांबं किंवा पितळ झिजतंय.

गैरसमज : टीडीएस कमी, म्हणजे पाणी शुद्ध.

वस्तुस्थिती : टीडीएस मीटर पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा एकूण अंदाज देतो. शिशाची मर्यादा आहे लिटरला 0.01 मिलिग्रॅम. मीटरवर 60 दिसत असताना पाण्यात या मर्यादेच्या दुप्पट शिसं असलं, तरी आकडा हलणार नाही.

गैरसमज : उकळलं की सगळं जातं.

वस्तुस्थिती : उकळल्याने जंतू मरतात, म्हणून ते करावंच. शिसं मात्र जात नाही. वाफ निघून गेल्यावर उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण थोडं वाढतं. लहान मुलांच्या मेंदूवर शिशाचा परिणाम होतो, आणि शिशाची कुठलीच पातळी निर्धोक मानलेली नाही.

गैरसमज : धातू नको, मग कुठलाही प्लास्टिक पाइप चालेल.

वस्तुस्थिती : प्लास्टिक गंजत नाही, कोकणच्या पाण्याला ते सोयीचं. पण पीव्हीसी टिकाऊ व्हावा म्हणून त्यात पूर्वी शिशाची संयुगं वापरत. ती बंद करण्यासाठी केंद्र सरकारने 2021 मध्ये नियम केले. जुन्या किंवा बिनशिक्क्याच्या पाइपाची खात्री देता येत नाही. गार पाण्याच्या पीव्हीसीवर आयएस 4985, सीपीव्हीसीवर आयएस 15778 हा क्रमांक पाहावा. गीझरच्या लाइनला साधा पीव्हीसी चालत नाही, गरम पाणी सोसणारा सीपीव्हीसी हवा. शिवाय शेवटी नळ बहुधा पितळेचाच असतो, आणि पितळ कातायला सोपं जावं म्हणून त्यात थोडं शिसं मिसळण्याची पद्धत आहे.

आज काय करता येईल?

सकाळचं पहिलं पाणी पिण्या-रांधण्याला घेऊ नका. ते झाडांना घाला, फुकट जाणार नाही. रांधायला गीझरचं गरम पाणी वापरू नका, गरम पाण्यात धातू लवकर उतरतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत चौकशी करून तीन नमुने तपासून घ्या : विहिरीचा, नळाच्या पहिल्या पाण्याचा आणि नळ पाच मिनिटं सोडल्यानंतरचा. सामू, लोह आणि शिसं मोजायला आवर्जून सांगा. विहिरीचा आणि पाच मिनिटांनंतरचा नमुना चांगला, फक्त पहिल्या पाण्यात धातू असेल, तर दोष घरातल्या पाइपाचा किंवा नळाचा. तो बदलणं आपल्या हातात आहे, आणि घरात लहान मूल असेल तर ते काम पुढे ढकलू नये.