डबलसीट ते दोन सायकली: वडूजच्या पावसातला मागोवा

वडूज परिसरात जोडीने पावसात सायकल चालवण्याचे दोन काळ दिसतात. पहिल्या काळात एका सायकलीवर दोघे असत आणि ते कामाला निघालेले असत. दुसऱ्या काळात दोघांच्या दोन सायकली मोटारीच्या मागे बांधून येतात, सोबत तंबू असतो आणि काम काहीच नसते. मधली पंचवीस-तीस वर्षे मोटारसायकलीची.

वडूज हे खटाव तालुक्याचे ठाणे. ते येरळेच्या काठी वसले आहे, पण येरळा वर्षातला बराच काळ वाळूचीच नदी असते. याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. सह्याद्रीच्या छायेतल्या वडूजला मात्र पाचशेच्या आसपासच. मृग-आर्द्रात ढग डोक्यावरून पुढे निघून जातात आणि माणदेश-खटावची खरी भिस्त उत्तरा-हस्तावर, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या परतीच्या पावसावर राहते. त्यामुळे भिजत जाण्याचे इथे कोणाला फारसे वावडे नाही. पुण्या-मुंबईकडे पाऊस आला म्हणून बेत मोडतो, इथे पाऊस आला म्हणून माणूस ओसरीतून अंगणात येतो.

आजच्या घडणीची सायकल इंग्लंडात 1885 साली जॉन केम्प स्टार्ली याने बाजारात आणली आणि 1888 साली डनलॉपची हवा भरलेली धाव आली. त्यानंतर दहा-बारा वर्षांतच फॅनी बुलक वर्कमन आणि विल्यम हंटर वर्कमन हे अमेरिकन दांपत्य सायकलींवरून हिंदुस्थानात हिंडले. दक्षिण टोकापासून हिमालयापर्यंतच्या या प्रवासाचे त्यांचे पुस्तक 1904 साली निघाले. देवळे आणि लेणी हे त्यांचे मुख्य आकर्षण. पण 1898 च्या उन्हाळ्यात त्यांनी मैदान सोडून काश्मीर-लडाख गाठले, म्हणजे मैदानी मुलखातला पावसाळा टाळला. सायकलवरून देश पाहणाऱ्या सुरुवातीच्या जोडप्यांपैकी एकानेही पावसाला बगलच दिली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

खेड्यातल्या जोडप्याला ही सोय नव्हती. स्वातंत्र्यानंतर देशी कारखाने उभे राहिले: मद्रासजवळ अंबत्तूरला 1949 साली हर्क्युलिस बनवणारा, सोनीपतला 1951 साली ॲटलस, लुधियानात 1956 साली हिरो. तेव्हा कुठे सायकल शिक्षक, तलाठी, पोस्टमन यांच्या पलीकडे पोचली. ती पुष्कळदा लग्नातून आली. घड्याळ, सायकल आणि रेडिओ ही जावयाच्या मागणीची त्या काळातली ठरलेली यादी होती. सायकल मुलीच्या बापाच्या पैशांची, आणि मुलगी मात्र जन्मभर कॅरिअरवर. या हिशेबाकडे फारसे कोणी लक्ष दिलेले नाही.

आठवडी बाजार, सासर-माहेर, औंधच्या यमाईची जत्रा, दवाखाना अशा कामांना नवरा पायडल मारी, बायको कॅरिअरवर एका बाजूला पाय सोडून बसे आणि लहान पोर पुढच्या दांडीवर असे. दांडीला टॉवेल गुंडाळला की पोराची सोय झाली. नऊवारीचा सोगा चाकात जाऊ नये म्हणून तो घट्ट खोचून बसावे लागे. तरी तो जाईच.

पाऊस आला की सायकलीचे सगळे दोष एकदम उघडे पडत. ब्रेकचे रबर ओल्या रिमवर घसरते, त्यामुळे उतारावर ब्रेक दाबूनही चाक फिरतच राही. डायनॅमो भिजलेल्या टायरवर नुसता सरकतो आणि दिवा नेमका अंधारात मिणमिणतो. सगळ्यांत वाईट काळी माती. ती टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये भरते, आणि चार-दोन वावांत चाक जाम. मग बाभळीची काटकी मोडून चिखल उकरायचा, पुढे ढकलायचे, पुन्हा उकरायचे. अशा वेळी बायको उतरून मागून रेटत असे. शेवटी सायकल खांद्यावर घेऊन बांध ओलांडायचा, म्हणजे वाहन माणसावर. मुरमाड माळावर हा त्रास नाही, पण तिथे बाभळीचा काटा. पंक्चरचे सोल्युशन, रबराचा तुकडा आणि पंप घेतल्याशिवाय लांब कोणी निघत नसे. अंगावर पोत्याची खोळ किंवा घोंगडी असे. घोंगडी लवकर भिजत नाही, पण एकदा भिजली की तिचे वजन पायडल मारणाऱ्याला कळते.

रस्त्यांची गोष्ट पावसाच्या उलट बाजूने येते. 1972 च्या दुष्काळात याच भागातल्या बायका-पुरुषांनी खडी फोडली आणि माती वाहिली. त्या कामांतून गावोगावचे रस्ते झाले. अशाच कामांच्या रोजगार हमीची कल्पना ज्यांच्या नावाशी जोडली जाते ते वि. स. पागे शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या विसापूरचे. पाऊस न पडलेल्या वर्षी घातलेल्या वाटांवरून पुढे पावसात सायकली धावल्या.

त्याच 1972 साली लुना मोपेड आली आणि 1985 पासून हिरो होंडा मोटारसायकल. मागची सीट तशीच राहिली, पुढच्याचे पायडल मारत राहणे गेले. नव्वदीनंतर सायकल शाळकरी मुलांपुरती उरली आणि भाड्याने तासावर सायकल देणारी दुकाने गॅरेज झाली.

गेल्या काही वर्षांत गिअरच्या सायकलींमुळे जोडीने सायकल चालवणे वेगळ्या रूपात परतले. राज्य सरकारने 2021 साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. पण तंबू आणि सायकली गाडीला बांधून हिंडण्याला धोरणाची गरज नव्हतीच. भाद्रपदातली हलकी सर, माथ्यावर यमाईचे मूळपीठ, खाली औंधचे भवानी संग्रहालय, तिथून वडूज आणि पुढे येरळवाडीचा जलाशय, अशी वाट दिवसभरात आरामात होते. चढ फार नाहीत, वाहने कमी आणि भिजायला भरपूर आकाश. बायको आता स्वतःच्या सायकलीवर असते आणि बरेचदा पुढे असते. चिखल मात्र तोच, आणि नव्या बारीक टायरांना तर तो अधिकच छळतो.

उघड्यावरचा मुक्काम इथल्या माळांना नवा नाही. मेंढ्यांचा वाडा घेऊन जोडीने उघड्यावर राहणारा धनगर भर पावसात आजही असाच मुक्काम करतो. त्याला कोणी सहल म्हणत नाही.

मायणी, येरळवाडी आणि आसपासचे तलाव मिळून 2021 साली पक्ष्यांसाठी संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झाले. तिथले रोहित पक्षी हिवाळ्यात उतरतात. पावसासाठी सायकली घेऊन आलेल्यांना ते दिसत नाहीत.