एकट्याचे घर: गैरसमज आणि वस्तुस्थिती

भारतीय जनगणना कुटुंब मोजते ते चुलीवरून. एकत्र राहणारे आणि एकाच स्वयंपाकघरात जेवणारे ते एक कुटुंब. त्यामुळे मुलाच्याच घरात वेगळी चूल मांडलेली आई कागदोपत्री एकटी ठरू शकते, तर एका खोलीत मिळून स्वयंपाक करणारे तीन मित्र एक कुटुंब ठरतात. २०११ च्या जनगणनेत एकाच माणसाची कुटुंबे ४ टक्क्यांहूनही कमी होती.

गैरसमज: एकटे राहणे हे पाश्चात्त्यांचे खूळ आहे.
वस्तुस्थिती: अमेरिकेत अशी घरे १९४० मध्ये सुमारे ८ टक्के होती, २०२० मध्ये ती २७ टक्क्यांवर गेली. पण जपानमध्ये २०२० साली हेच प्रमाण ३८ टक्के होते आणि दक्षिण कोरियातही ते एक तृतीयांशाच्या पुढे गेले आहे.

गैरसमज: एकटे राहतात ते नोकरदार, अविवाहित तरुण.
वस्तुस्थिती: भारतात वृद्धांविषयी २०१७-१८ मध्ये झालेल्या ‘लासी’ या मोठ्या पाहणीत साठीपुढील सुमारे ६ टक्के लोक एकटे राहताना आढळले. त्यांत स्त्रियांचे प्रमाण पुरुषांहून बरेच जास्त आहे. नवरा सहसा वयाने मोठा असतो आणि बायकांचे आयुर्मान अधिक असते. शिवाय विधुरांच्या मानाने विधवांचे पुनर्विवाह कमी होतात.

गैरसमज: हा शहरी प्रश्न आहे.
वस्तुस्थिती: चाकरमानी मुंबईला आणि गावच्या घरात म्हातारी एकटी, हे चित्र कोकणाला पिढ्यान्‌पिढ्या परिचयाचे आहे. रोजगारासाठी तरुण बाहेर पडतात, तेथे मागे राहणारी घरे लहान होत जातात.

गैरसमज: मुलांनी आईवडिलांना टाकल्यामुळेच ही घरे वाढतात.
वस्तुस्थिती: तसेही घडते, पण वाढलेले आयुर्मान, कमी अपत्ये, लांबलेली लग्ने, स्थलांतर आणि हातात स्वतःचे उत्पन्न ही कारणे अधिक व्यापक आहेत. निवृत्तिवेतन असलेली अनेक माणसे आपले घर सोडायला स्वतःच तयार नसतात.

गैरसमज: एकटा तो एकाकी.
वस्तुस्थिती: एकटे राहणे मोजता येते, एकाकीपणा ही भावना आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांपैकी एकाला एकाकीपणा जाणवतो आणि किशोरवयीनांत तो विशेष आढळतो. ही मुले तर बहुतेक भरल्या घरातच राहतात.

गैरसमज: मग चिंतेचे कारणच नाही.
वस्तुस्थिती: आजारपणात किंवा पडल्यास वेळेवर कोणाला कळत नाही, हा खरा धोका. जपानमध्ये २०२४ साली ७६,०२० माणसे घरात एकटी असताना मरण पावली; त्यांतील तीन चतुर्थांशांहून अधिक ६५ वर्षांवरची होती. तेथे एकाकीपणाविरुद्धचा कायदा त्याच वर्षी अमलात आला. भारतात ज्येष्ठांसाठी १४५६७ ही मदतवाहिनी आहे. शेजाऱ्याकडे असलेली जादा किल्ली आणि रोजचा ठरलेल्या वेळेचा फोन यांनीही हा धोका बराच कमी होतो.